चक्रव्यूहातील खुणा : डेटाच्या पोटात शिरून शोध घेण्याचा इतिहास

१/
प्रोग्रॅम चालतो, उत्तर मात्र चुकीचे येते. कारण शोधण्यासाठी प्रोग्रॅमर डेटा उघडून पाहू लागतो. एका पेटीत दहा पेट्या, त्यांपैकी एकीत यादी, यादीतला प्रत्येक घटक पुन्हा एक पेटी. आणि अशा सात-आठ थरांखाली कोठेतरी एक चुकीचा आकडा दडलेला. तो आकडा आत आहे, एवढे कळून भागत नाही. कोणत्या पेटीतल्या कोणत्या कप्प्यातून गेले असता तो हाती लागतो, ती वाट कळली तरच चूक दुरुस्त करता येते.

२/
आज हे काम एका ओळीच्या आज्ञेने होते. त्या एका ओळीमागे मात्र दोन जुन्या अडचणी उभ्या आहेत : आत गेल्यावर परत कसे यायचे, आणि आतल्या वाटा एकमेकींना मिळत असतील तर त्याच फेऱ्यात कायमचे अडकण्यापासून कसे वाचायचे. यांचे एक शिस्तबद्ध उत्तर संगणक जन्माला येण्याच्या सुमारे साठ वर्षे आधी छापले गेले, आणि तेही मनोरंजनाच्या पुस्तकात.

३/
अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे नव्हते. ग्रीक कथेतल्या थिसियसला आरिआद्नीने सुताचा गुंडा दिला, म्हणून तो परतला. सूत परतीची वाट दाखवते. परंतु कोणते बोळ पाहून झाले आणि कोणते राहिले, हे ठरवायला सुतापलीकडे एखादा नियम लागतो.

४/
तो नियम फ्रेंच गणिती एदुआर लुकास यांनी १८८२ साली आपल्या गणिती मनोरंजनाच्या ग्रंथात दिला आणि त्याचे श्रेय त्रेमो नावाच्या तारायंत्र-अभियंत्याला दिले. प्रत्येक बोळात शिरताना आणि त्यातून बाहेर पडताना खूण करावी. नव्या चौकात आल्यास खूण नसलेला कोणताही बोळ घ्यावा. नव्या बोळातून जुन्याच चौकात पोहोचल्यास आल्या पावली मागे फिरावे. दोनदा खूण झालेल्या बोळात पुन्हा शिरू नये. एवढे पाळले की भूलभुलैया कितीही वाकडातिकडा असो, प्रत्येक बोळ जास्तीत जास्त दोनदा तुडवला जातो, एकदा जाताना व एकदा येताना. गास्तों तारी यांनी १८९५ मध्ये याच जातीचा आणखी एक नियम मांडला.

५/
हेच लुकास 'हनोईचा मनोरा' या कोड्याचे जनक. आज रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारी कृती, शिकवताना जगभरच्या वर्गांत तेच कोडे फळ्यावर मांडले जाते. एकाच माणसाच्या लिखाणात रिकर्शनचे सर्वांत लाडके उदाहरण आणि खोलवर शोध घेण्याचा एक जुना नियम शेजारी-शेजारी सापडावेत, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. लुकास यांच्या दृष्टीने दोन्ही केवळ करमणूक होत्या.

६/
यंत्राने असा शोध घ्यावा, हे प्रत्यक्षात आणणाऱ्यांपैकी एक होते बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन. १९५० च्या सुमारास त्यांनी पाच गुणिले पाच चौकोनांचा एक भूलभुलैया बांधला. त्याचा पुढचा अवतार म्हणजे 'थिसियस' नावाचा, तळाखालच्या चुंबकाने चालणारा उंदीर. उंदीर स्वतः निर्बुद्धच होता. स्मरणशक्ती होती ती खालच्या रिलेंमध्ये. प्रत्येक चौकोनातून शेवटच्या वेळी कोणत्या दिशेने बाहेर पडणे झाले, एवढेच यंत्र लक्षात ठेवी. आंधळ्या बोळात शिरून परत यावे लागले की जुनी दिशा पुसली जाई आणि नवी तिची जागा घेई. चुकीच्या वाटा अशा आपोआप गळून पडत.

७/
परंतु भिंती हलवल्या किंवा लक्ष्याची जागा बदलली की जुन्या स्मृतीच घातक ठरत. एक चौकोन दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे आणि तिसरा पुन्हा पहिल्याकडे पाठवू लागे, आणि यंत्र गोल गोल फिरत राही. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेसी परिषदेत हे यंत्र दाखवताना शॅनन यांनी त्यावरचा इलाजही सांगितला. यंत्रात एक मोजणी करणारे मंडळ होते. चोवीस पावले होऊनही लक्ष्य सापडले नाही, तर आठवणी बाजूला सारून शोध नव्याने सुरू होई. या मंडळाला त्यांनी गमतीने मनोविकार रोखणारे मंडळ असे नाव दिले होते.

८/
हा इलाज त्रेमोच्या नियमाहून अगदी निराळा आहे. त्रेमोचा वाटसरू खूण ओळखून मागे फिरतो, म्हणजे आपण फेऱ्यात आहोत हे त्याला समजते. शॅनन यांच्या यंत्राला ते समजत नाही. ते केवळ मोजते, आणि फार झाले की थांबते. समजून थांबणे आणि मोजून थांबणे, या दोन रीती पुढे सत्तर वर्षे समांतर चालत आल्या.

९/
आता १९५८ सालाकडे. त्या उन्हाळ्यात जॉन मॅकार्थी आयबीएममध्ये काम करत होते. बीजगणिती पदावलीचे विकलन यंत्राकडून करून घ्यायचे, हा नमुन्याचा प्रश्न त्यांनी निवडला होता. पदावली म्हणजे कंसात कंस, त्यात पुन्हा कंस. बाहेरच्या कंसाचे विकलन करायचे तर आतल्याचे आधी करावे लागते. म्हणजे कृतीने स्वतःलाच बोलवायचे. त्या वेळच्या फोरट्रानमध्ये याची सोय नव्हती. उपप्रोग्रॅम संपल्यावर कोठे परतायचे, याची नोंद ठेवायला प्रत्येक उपप्रोग्रॅमला एकच ठरलेली जागा असे. तोच उपप्रोग्रॅम स्वतःच्या पोटात पुन्हा शिरला, की आधीची नोंद पुसली जाई. अभिमन्यूचीच गत.

१०/
त्याच वर्षाच्या शरद ऋतूत एमआयटीमध्ये लिस्प भाषेचे काम सुरू झाले. परतीच्या नोंदी एका ठरलेल्या जागी न ठेवता, एकीवर एक रचल्या जाणाऱ्या सामाईक चळतीत ठेवायच्या, असे ठरले. आज हिलाच स्टॅक म्हणतात. आत जाताना वर एक नोंद ठेवायची, बाहेर येताना वरचीच उचलायची. आरिआद्नीचे सूत ते हेच.

११/
लिस्पची यादी आयबीएम ७०४ या यंत्राच्या घडणीवर बेतलेली होती. त्याच्या स्मृतीतला एक शब्द ३६ बिटांचा. त्यात १५ बिटांचे दोन भाग असे होते, की प्रत्येकात दुसऱ्या एखाद्या शब्दाचा पत्ता मावे. एका भागातून पत्ता काढणारी क्रिया 'कार', दुसऱ्यातून काढणारी 'कुडर'. ही नावे त्या यंत्राच्या अवयवांवरून पडली आणि यंत्र मोडीत निघाले तरी टिकून राहिली. कारमध्ये घटक, कुडरमध्ये उरलेली यादी. घटकही पुन्हा यादी असू शकतो. अशा रचनेत काही शोधण्याची रीत दोन वाक्यांत संपते : हाती आलेली वस्तू अविभाज्य असेल, तर ती हवी तीच आहे का, ते पाहा, नसेल तर आधी तिच्या कारमध्ये शोधा, मग कुडरमध्ये. थर कितीही असोत, वाक्ये दोनच.

१२/
मग स्मृतीचा प्रश्न आला. ७०४ ची स्मृती जास्तीत जास्त ३२,७६८ शब्दांची. विकलन करताना मधल्या याद्या भराभर तयार होत आणि निरुपयोगी होऊन पडून राहत. त्या एकेक करून पुसण्याच्या आज्ञा प्रोग्रॅममध्ये घुसडणे मॅकार्थी यांना रुचेना. सुंदर सूत्र त्याने विद्रूप होते, असे त्यांचे मत. मोकळी जागा संपेपर्यंत काहीच करायचे नाही, आणि संपली की सगळी स्मृती एकदम झाडून घ्यायची, असा मार्ग त्यांनी काढला. प्रोग्रॅमच्या हाताशी असलेल्या मोजक्या पत्त्यांपासून निघायचे, तेथून जेथे जेथे पोहोचता येते तेथे जायचे, आणि भेटलेल्या प्रत्येक शब्दाचे चिन्ह धनाचे ऋण करायचे. ज्यावर खूण उमटली नाही, तो कचरा. त्रेमोचा खडू येथे एका बिटात आला.

१३/
१९६० च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ही रीत आहे, पण 'गार्बेज कलेक्शन' हे नाव त्यात नाही. प्रयोगशाळेत ते रूढ झाले होते; छापील लेखात कचऱ्याचा उल्लेख करण्याचे धाडस आपल्याला झाले नसावे, असे मॅकार्थी यांनी पुढे मिस्कीलपणे कबूल केले आहे.

१४/
कचरा मात्र लपून राहणारा नव्हता. उद्योगजगतातील पाहुण्यांसमोर लिस्पचे प्रात्यक्षिक चालू होते. निकाल फ्लेक्सोरायटर या टंकयंत्रावर, सेकंदाला दहा अक्षरे या गतीने, उमटत होते. सर्व सुरळीत असताना यंत्र अचानक भलतेच टंकू लागले : गार्बेज कलेक्टरला बोलावण्यात आले आहे, आणि काही रंजक आकडे पुढीलप्रमाणे आहेत. कलेक्टर नवा होता, त्याच्या निर्मात्यांना त्याचे कौतुक होते, म्हणून तो प्रत्येक वेळी किती शब्दांवर खूण झाली, किती मोकळे झाले, याचे पानभर निवेदन काढत असे. एरवी ते वेगवान छपाईयंत्रावर निघून जाई. आधीच्या तालमीनंतर स्मृती नव्याने भरून घ्यायचे राहून गेले होते, आणि ऐन प्रयोगात ती संपली. पाहुण्यांना या झाडूवाल्याविषयी कोणी काहीच सांगितले नव्हते. सभागृह हास्यात बुडाले.

१५/
हसण्यावारी गेले तरी त्या निवेदनाचे मोल मोठे होते. स्मृतीच्या गुंत्यात आत्ता काय चालले आहे, हे यंत्राने स्वतः सांगावे, याचे ते एक जुने उदाहरण आहे.

१६/
या झाडलोटीत एक पेच होता. याद्यांच्या आत शिरून परत यायचे तर परतीच्या नोंदींची चळत हवी. यादी जितकी खोल, तितकी चळत उंच. आणि कलेक्टरला बोलावणे येते ते नेमके स्मृतीत जागा उरलेली नसताना! घर रिकामे करायला आलेल्याने आधी स्वतःचे सामान ठेवायला खोली मागावी, तसे.

१७/
यावरचा तोडगा हर्बर्ट शोर आणि विल्यम वेट यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. पीटर डॉइच यांनाही तो स्वतंत्रपणे सुचला होता. एखादा चौसोपी वाडा डोळ्यांसमोर आणावा. प्रत्येक दारावर पाटी आहे आणि तिच्यावरचा बाण पुढच्या खोलीकडे वळलेला आहे. वाटसरूकडे सूत नाही, वहीही नाही. तो दारातून आत शिरताना पाटीवरचा बाण उलटा करतो आणि आपण जेथून आलो तिकडे वळवून ठेवतो. खोलीतले काम संपले की त्याच बाणाच्या आधाराने मागे येतो, आणि येता येता पाटी पूर्ववत करतो. वाड्याबाहेर पडेपर्यंत सगळे बाण मूळ जागी आलेले असतात. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच : आत्ता कोठे आहोत आणि त्याआधी कोठे होतो. प्रत्येक खोलीत खुणेच्या बिटाखेरीज आणखी एक बिट तेवढे लागते, दोनपैकी कोणती पाटी उलटी केली आहे ते सांगायला.

१८/
ही युक्ती इतकी नाजूक आहे, की प्रोग्रॅमची अचूकता गणिताने सिद्ध करू पाहणाऱ्यांनी पुढची अनेक दशके तिला आपली कसोटी मानले. कारण उघड आहे. काम चालू असताना सगळा वाडा बिघडलेला असतो. मध्येच कोणी थांबवले, किंवा त्याच वेळी दुसरा कोणी वाचायला आला, तर त्याला पाट्या भलतीकडे नेतील. झाडलोटीसाठी हा धोका पत्करता येतो. चुकीच्या तपासात येत नाही. पंचनाम्याला गेलेल्याने जागेवरच्या वस्तू हलवल्या, तर पंचनाम्याला अर्थ काय उरला?

१९/
म्हणून तपासाच्या साधनांनी खुणा वस्तूवर करण्याऐवजी वेगळ्या वहीत ठेवल्या. पाहून झालेल्या वस्तूंची यादी बाजूला ठेवायची आणि नवी वस्तू भेटली की आधी त्या यादीत पाहायचे. येथे एक बारकावा आहे, आणि अनुभवी लोकही त्यावर ठेचाळतात. वहीत वस्तूची ओळख नोंदवायची असते, तिचे रूप नव्हे. दोन खोल्या तंतोतंत सारख्या दिसल्या तरी त्या दोनच आहेत. एक पाहिली म्हणून दुसरी पाहिल्यासारखी होत नाही. रूपावरून नोंद ठेवणारा शोध खरोखरच्या नव्या खोल्या वगळून पुढे जातो, आणि चूक नेमकी तेथेच असेल तर ती कधीच सापडत नाही. जावा भाषेच्या संचात २००२ च्या सुमारास ओळखीवरून नोंद ठेवणारा एक खास तक्ता आला तो याच गरजेपोटी. पायथनमध्ये संपूर्ण खोल प्रत काढणारी क्रियाही अशीच ओळखवही जवळ बाळगते.

२०/
केवळ नव्या पेशी जोडत गेले तर लिस्पमध्ये फेरा तयार होत नाही; नवी पेशी फक्त आधीच्या पेशींकडे बोट दाखवू शकते. परंतु जुन्या पेशीतला पत्ता बदलण्याची क्रियाही भाषेत होतीच. तिने यादीची शेपटी यादीच्या डोक्याला जोडली, की ती यादी छापायला सांगणे म्हणजे यंत्र कायमचे गमावणे. त्यातही वाईट हे, की चूक झाल्यावर यंत्र ती वस्तू दाखवू पाहते, आणि दाखवतानाच अडकते. रोगाचे निदान सांगता सांगता वैद्याचीच वाचा जावी, तसा हा प्रकार.

२१/
१९८४ साली ग्रंथरूपाने आलेल्या कॉमन लिस्पमध्ये यासाठी तीन कळा दिसतात. एक किती खोल जायचे ते ठरवते, दुसरी किती लांब जायचे ते, आणि तिसरी फेरा ओळखते. तिसरी चालू असेल तर एखादी वस्तू प्रथम भेटताच तिला क्रमांक दिला जातो, आणि ती पुन्हा आली की केवळ क्रमांक छापला जातो. पहिल्या दोन शॅनन यांच्या मोजणीच्या वंशातल्या, तिसरी त्रेमोच्या खडूची. स्वतःलाच पोटात घेतलेली यादी पायथन छापते तेव्हा त्या जागी कंसात तीन टिंबे येतात. तीही त्याच खडूची रेघ. मधल्या काळात, १९७२ मध्ये, रॉबर्ट टार्जन यांनी या खोल शोधाला गणिताची भक्कम बैठक दिली होती. जॉन हॉपक्रॉफ्ट यांच्यासह त्यांना १९८६ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

२२/
एकविसाव्या शतकाच्या आरंभी डग्लस क्रॉकफर्ड यांनी प्रचारात आणलेल्या जेसनने फेऱ्यांचा प्रश्नच बाद केला : त्या स्वरूपात फेरा लिहिताच येत नाही. स्मृतीतल्या वस्तूत फेरा असेल, तर जावास्क्रिप्ट तिचे जेसन करायला नकार देते आणि त्रुटी कळवते. फेरा नाही, पण एकच वस्तू दोन ठिकाणांहून वापरली आहे, अशा वेळी मात्र जेसनमध्ये तिच्या दोन प्रती उमटतात आणि ती मुळात एकच होती ही माहिती मुकाट्याने नष्ट होते. चूक त्या सामाईक वस्तूतच असेल, तर छापील मजकूर कितीही वेळा वाचला तरी ती दिसत नाही.

२३/
राहिली वाट. १६ नोव्हेंबर १९९९ रोजी जागतिक वेब संघाने एक्सपाथची पहिली आवृत्ती संमत केली. तिच्यात एक तिरपी रेघ म्हणजे एक थर खाली, आणि दोन तिरप्या रेघा म्हणजे खाली कोठेही, कितीही खोल. मॅकार्थी यांची दोन वाक्ये आता दोन रेघांत मावली. २०१२ मध्ये स्टीफन डोलन यांच्या जेक्यू या साधनाने जेसनसाठी तेच दोन टिंबांनी साधले, आणि ही खूण एक्सपाथच्या दोन रेघांवरून सुचल्याचे त्याच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. डिबगिंग करणाऱ्याला अधिक उपयोगी पडते ती त्याची दुसरी सोय : सापडलेल्या मूल्याऐवजी तेथवरची वाट मागता येते. कोणता कप्पा, यादीतला कितवा घटक, त्याच्या आत कोणता कप्पा, अशी एकेक पायरी ओळीने हाती येते.

२४/
मोजून थांबण्याची रीतही संपलेली नाही. ती आता इतकी मुरली आहे की लक्षातही येत नाही. पायथन एकात एक अशा सुमारे हजार हाकांनंतर हात टेकते. तेथे निदान त्रुटी तरी समोर येते. नोड या जावास्क्रिप्टच्या मंचावर वस्तू छापली, तर ती मुळात फक्त दोन थर खाली उतरते, आणि त्याखालच्या जागी चौकटी कंसात 'ऑब्जेक्ट' एवढाच शब्द छापते. शोधणारा पडद्यावरचा मजकूर वाचतो, हवा तो कप्पा दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे समजून दुसऱ्या फाइलकडे वळतो. कप्पा चौथ्या थरावर असतो. तो नाही, असे यंत्राने कधीच म्हटलेले नसते. ते तेथवर गेलेलेच नसते, आणि तसे सांगणारी खूण म्हणजे कंसातला तो एक शब्द. खोलीची मर्यादा काढून टाकायची आज्ञा दिली की सगळा वाडा पडद्यावर उलगडतो, हजारो ओळींचा, आणि मग त्यात पुन्हा वाट शोधावी लागते.